दारवालीच्या पायरीबाबत

४ जानेवारी

प्रति,
शिल्पकार यांस,

या पत्राने मला एकच गोष्ट सिद्ध करायची आहे. तुमच्या बागेतली दारवाली म्हणजे मी आहे, तो पुतळा तुम्ही आकसाने घडवला आहे, आणि म्हणून तो तिथून हलवला गेला पाहिजे.

मायना मुद्दाम लिहिलेला नाही. धाकट्या भावाला पत्रारंभी आशीर्वाद लिहितात, पण जो मनात नाही तो कागदावर आणणे म्हणजे खोटी साक्ष. तसेच तुम्हाला 'तुम्ही' म्हणते आहे, तो आदर समजू नये. बारा वर्षे बोलणे नाही, तेवढेच.

आता विषय. वसाहतीच्या समितीचे पत्र मला गेल्या महिन्यात मिळाले. बाबांच्या पुस्तकातल्या सात गोष्टींवरून तुम्ही सात पुतळे केले आहेत आणि प्रत्येकाशेजारी त्या गोष्टीतला उतारा पाटीवर कोरायचा आहे. पुस्तकाचे हक्क बाबांनी माझ्याकडे सोपवले असल्यामुळे माझी लेखी संमती हवी आहे. मुदत १५ फेब्रुवारी. पाट्यांशिवाय समिती काम ताब्यात घेणार नाही, हे तिच्या चिटणीसांनी फोनवर आपण होऊन सांगितले. म्हणजे तुमची चार वर्षांची मेहनत माझ्या एका सहीवर अडलेली आहे. ही परिस्थिती मी निर्माण केलेली नाही. मात्र ती माझ्या लक्षात आलेली नाही, असेही समजू नये.

संमती देण्यापूर्वी वस्तू पाहावी, म्हणून काल दुपारी मी जाऊन आले. चार मजली इमारतींच्या दोन रांगा, गॅलऱ्यांतून वाळत घातलेले कपडे, खाली लावलेल्या स्कूटर, आणि मधल्या चिंचोळ्या पट्ट्यात तुमची कला. घड्याळजीच्या मांडीवर एक गृहस्थ डबा सोडून जेवत होते. पत्र न उघडणाऱ्या पोस्टमनच्या पिशवीत कुणीतरी दुधाची रिकामी पिशवी कोंबली होती. छत्रीवाल्याच्या डोक्यावर कावळ्यांनी आपले मत नोंदवून ठेवले होते. त्यांच्याशी मी पूर्ण असहमत नाही.

शेवटी, बागेच्या टोकाला, दारवाली. भिंत नाही, नुसती चौकट. तिच्यात बंद दार. दारासमोर एक पायरी. पायरीच्या उजव्या अर्ध्या भागावर बसलेली बाई. डावा अर्धा भाग रिकामा.

पुरावे असे. चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. डाव्या हाताचा अंगठा तर्जनीच्या मुळाशी दाबलेला. तर्कशास्त्राच्या तासाला एखादे विधान तपासताना मी अंगठा असाच धरत असे आणि मागच्या बाकांवरची मुले माझी नक्कल करीत. एवढ्यावर तुम्हाला योगायोग म्हणता आले असते. पण डाव्या कानाची पाळी खाली दुभंगलेली आणि टाका घालून शिवलेली आहे. ती कशी फाटली हे तीन माणसांना माहीत होते. तुम्ही दोन वर्षांचे होता, माझ्या कडेवर होता, आणि माझ्या कानातला डूल तुम्हाला हवा होता. तिघांपैकी बाबा आता नाहीत. मी हा पुतळा केलेला नाही. उरले कोण?

आकसाबद्दल फार बोलायला नको. गोष्टीतली दारवाली गल्लीच्या शेवटच्या दारावर बसते आणि प्रत्येकाला म्हणते, "कारण सांग, मग आत ये." एक पोरगा कारणाशिवाय येतो. ती त्याला आत सोडत नाही. या बाईला माझा कान लावण्यामागे तुमचा रोख कुठे आहे, हे कळायला तर्कशास्त्र लागत नाही. दवाखान्यातली ती दुपार तुम्ही बारा वर्षे उराशी धरून बसला आहात. त्या दुपारी मी जे केले ते डॉक्टरांच्या सांगण्यावरून केले. "घरच्या माणसांखेरीज कुणालाही आत सोडू नका," हे त्यांचे शब्द. मी ते पाळले.

दारवाली हलवा. बाकीच्या सहांना मी त्याच दिवशी संमती देईन.

— प्राध्यापिका (निवृत्त)


१९ जानेवारी

प्रति,
शिल्पकार यांस,

पंधरा दिवसांत उत्तर नाही. मौन म्हणजे संमती असे लोक म्हणतात. मी तसे मानत नाही. मौन म्हणजे मौन. तेव्हा माझी बाजू मी आणखी भक्कम करते.

काल पुस्तक बरोबर घेऊन पुन्हा गेले. गोष्टीचे शेवटचे वाक्य पायरीसमोर उभे राहून वाचले: "दारवालीने दार लावून घेतले." पुढे काही नाही. पान संपते, गोष्ट संपते. दार लावून घेणारा माणूस आत असतो, हे सांगायला नको. तुमची दारवाली मात्र दाराच्या बाहेर बसली आहे. पुस्तकात पायरी नाही, बसणे नाही, बाहेर नाही. अर्थात तुम्हाला पुस्तकाशी कर्तव्यच नव्हते. मला भर रस्त्यावर आणून बसवायचे होते, येणाऱ्याजाणाऱ्याने बघावे म्हणून. आकसाचा याहून स्वच्छ पुरावा मला मागायचा नाही.

तिथे जे ऐकले तेही नोंदवते, कारण ते माझ्या बाजूने आहे.

दारवालीच्या बरोबर समोर तळमजल्यावर एक बाई राहतात. त्या दोरीवर कपडे वाळत घालत होत्या. मी बराच वेळ उभी आहे हे पाहून म्हणाल्या, "बसा की. ती काही चावत नाही."

मी म्हटले, "मी उभीच बरी."

"मर्जी तुमची. इथे सगळे बसतात. फक्त आधी तिला कारण सांगायचं, असा नियम आहे. शाळा बुडवलेली कार्टी तर रांग लावतात. माझे हेसुद्धा रोज संध्याकाळी तासभर बसतात."

"ते काय कारण सांगतात?"

"की मी घरात आहे."

त्या हसल्या नाहीत, म्हणून मीही हसले नाही. मी विचारले, हा पुतळा त्यांना आवडतो का. "आवडतो कसला?" त्या म्हणाल्या. "खिडकी उघडली की ही बया समोर. पहिल्या दिवशी मला वाटलं, कुणाची तरी सासू आलीय. समितीच्या लोकांनीही कुरकुर केली. म्हणाले, अहो, बाई आहे, पायरी आहे, मग गोष्टीतलं पोरगं कुठंय? अर्धी पायरी काय उगाच दिली? तर तो शिल्पकार म्हणतो, पोरगं मोठं झालं, आता पायरीवर मावत नाही."

तुमची विनोद करण्याची खोड गेलेली नाही, हे कळले.

"आणि वर म्हणतो, जागा तिनेच सरकून करून दिलीय, आपण कोण भरणारे? चार महिने इथेच पडून होता. दुपारचा चहा मीच द्यायचे. पेला रिकामा झाला की पुन्हा हातोडी. तुमच्या ओळखीतला आहे का?"

"होता," मी म्हटले.

मग त्यांची नजर माझ्या कानावर गेली, तिथून पुतळ्याकडे गेली आणि परत आली. त्यांनी तोंडातला चिमटा काढून दोरीला लावला. "मग तुम्ही तर बसाच," त्या म्हणाल्या आणि बादली घेऊन आत निघून गेल्या.

म्हणजे ओळख पटवायला तज्ज्ञ लागत नाही. कपडे वाळत घालणाऱ्या बाईलाही ती पटते. माझा मुद्दा सिद्ध झाला आहे.

हेही नोंदवते की पायरीचा रिकामा भाग लोकांच्या बसण्याने गुळगुळीत झाला आहे आणि बाईचा भाग अजून खडबडीत आहे. यातून काही निष्पन्न होते असे नाही.

मुदतीला सत्तावीस दिवस आहेत.

— प्राध्यापिका (निवृत्त)


२ फेब्रुवारी

तुमचे कार्ड मिळाले. चार शब्द: "ताई, बाबांची वही बघ."

दोन पत्रांतल्या मुद्देसूद युक्तिवादाला हे उत्तर? आरोपाचे खंडन नाही, खुलासा नाही, माफी तर नाहीच. वही बघ म्हणे. ती वही माझ्या कपाटात आहे आणि तिच्यातले अक्षर न् अक्षर माझ्या हातचे आहे. बाबांची नजर गेली त्या वर्षी रोज रात्रीची जेवणे आटोपली की ते सांगत आणि मी उतरवून घेत असे. मी चोवीस वर्षांची होते, नोकरी नवीन होती, सकाळी सातला पहिला तास असे. तुम्ही नऊ वर्षांचे होता आणि टेबलाखाली बसून कणकेच्या गोळ्याचे उंदीर करीत होता. वहीत काय आहे हे टेबलावरच्याला माहीत असणार की टेबलाखालच्याला?

आणि बाबांच्या वस्तूंची आठवण तुम्ही मला करून द्यावी? मग मीही एक करून देते. छापखान्यातून निवृत्त होताना मालकांनी बाबांना खिळ्यांची एक पेटी दिली होती. चाळीस वर्षे ज्या अक्षरांनी त्यांनी लोकांची पुस्तके जुळवली, ती शिशाची अक्षरे. आंधळे झाल्यावर ते एकेक खिळा बोटाने चाचपून ओळखत. तू एकोणीस वर्षांचा झालास आणि एका रविवारी स्वयंपाकघरातल्या शेगडीवर, आमटीच्या पातेल्यात, ती सगळी वितळवलीस. का, तर तुला एक डोके ओतायचे होते. वकिलीची दोन वर्षे झाली होती, फी मी भरली होती, आणि तुला डोके ओतायचे होते.

मी त्या दिवशी तुला विचारले होते, "कारण सांग." तू म्हणालास, "ताई, सगळ्यालाच कारण असतं का?"

बाबांनी ते डोके मांडीवर घेतले. बराच वेळ नाक, कपाळ, हनुवटी चाचपत बसले. मग म्हणाले, "अगं, नाहीतरी मला आता वाचता कुठे येतंय? हे निदान धरता तरी येतं." आणि हसले. माझ्याकडे म्हणून तोंड वळवून हसले, पण मी त्या बाजूला नव्हते.

पुढच्या वर्षी तू गेलास. नंतर वर्षातून एकदा येत असस, शेवटी तेही थांबले. जे उरले ते मी केले. औषधे, अंघोळ, पेपर वाचून दाखवणे, दोन वेळा पडले तेव्हा उचलणे. त्यांच्या शेवटच्या सहा वर्षांत तू या घराच्या उंबऱ्याला पाय लावला नाहीस. आणि मग एका दुपारी तीन वाजता, पत्र नाही, फोन नाही, तू दवाखान्याच्या जिन्यातून वर आलास. मी खोलीच्या दारात होते. मी विचारले, "का आलास?" हा प्रश्न गैर होता का? सहा वर्षांनी येणाऱ्याला कुणीही विचारील. तू म्हणालास, "असाच."

असाच.

मी म्हटले, "बाबा झोपलेत," आणि दार लावले. तू जिन्याच्या वरच्या पायरीवर बसलास. सहा वाजता उठून गेलास. मी तुझ्यावर पाळत ठेवली होती असे नाही. दाराला काच होती.

बाबा त्याच रात्री गेले. हे मला किंवा डॉक्टरांना आधी माहीत असणे शक्य नव्हते. ज्याचे ज्ञान नाही त्याचा दोष नाही.

संमती मी देणार नाही. आता एकाही पुतळ्याला नाही. घड्याळजी, पोस्टमन, छत्रीवाला, सगळे तुझ्या अंगणात नेऊन ठेव.

पत्रात अर्ध्यापासून 'तू' झाले आहे. दुरुस्त करायला वेळ नाही.


११ फेब्रुवारी

वही काढली. तुझे म्हणणे खोडून काढायचे तर ती पाहणे भागच होते, एवढ्याच हेतूने काढली.

दारवालीची गोष्ट शेवटून दुसरी आहे. अक्षर माझे, शाई निळी. शेवटचे वाक्य छापील पुस्तकात आहे तसेच सुरू होते, पण पूर्णविरामावर थांबत नाही. बाबांनी सांगितलेले वाक्य असे आहे:

"दारवालीने दार लावून घेतले, पण बाहेरच्या बाजूने, आणि पायरीवर जरा सरकून बसत पोराला म्हणाली, कारण सुचेपर्यंत बस."

"पण"पासून पुढच्या सगळ्या शब्दांवर एक सरळ रेघ आहे. पट्टी लावून मारलेली. समासात माझ्याच अक्षरात लिहिले आहे: 'असंगत. पहारेकरी जागा सोडतो. बोध निसटतो. वगळावे.'

ही रेघ मारल्याचे मला आठवत नव्हते. आठवत नाही याचा अर्थ घडले नाही असा होत नाही, हे मी तीस वर्षे शिकवले.

दुसरे मात्र आठवले. पुस्तक छापून आले तेव्हा मी ते बाबांना वाचून दाखवले. ही गोष्ट संपल्यावर त्यांनी पान बोटाने चाचपले. मग म्हणाले, "एक ओळ भरली नाही वाटतं." छापखान्यातला माणूस, ओळ भरली की नाही हे त्यांना कानानेही कळत असे. मी म्हटले, "बरोबर आहे, बाबा. एवढंच आहे." त्यांनी मान हलवली, पुन्हा विचारले नाही. ते माझ्यावर विसंबून होते, दुसरा इलाज नव्हता. बाबांनी ती ओळ सांगितली तेव्हा तू टेबलाखाली होतास, आणि ती कणकेसकट तुझ्या हाताशी राहिली असावी.

म्हणजे तुझा पुतळा मूळ मजकुराशी प्रामाणिक आहे आणि माझे पुस्तक नाही. १९ जानेवारीच्या पत्रातला मुद्दा मी मागे घेते.

आता दवाखान्याबद्दल. या बाबतीत मी तुझ्यापुढे आजवर केलेली सर्व विधाने वेगवेगळी तपासली तर खरी आहेत, एक सोडून. डॉक्टर घरच्या माणसांखेरीज कुणाला सोडू नका असे म्हणाले होते, हे खरे. तू घरचा माणूस होतास, हेही खरे. ते मी सोयीने बाजूला ठेवले. बाबा झोपले होते, हे खरे नाही.

ते जागे होते. जिन्यातली पावले त्यांनी माझ्या आधी ऐकली. मी दार लावून वळले तेव्हा त्यांनी विचारले, "कोण आलंय गं?" मी म्हटले, "कुणी नाही." त्यांनी मान हलवली आणि भिंतीकडे वळले. ओळ भरली नाही तेव्हा जशी मान हलवली होती, तशीच. तीन ते सहा मी खुर्चीवर बसून होते. काचेतून तुझी पाठ दिसत होती. मला दार उघडता आले असते. मी तुझ्या कारणाची वाट पाहत होते.

हे लिहून मी क्षमा मागते आहे असा समज करून घेऊ नये. खिळे वितळवल्याचा आरोप कायम आहे. सहा वर्षे न येण्याचा आरोप कायम आहे. कानाचाही कायम आहे. डूल सोन्याचा होता आणि तो सापडला नाही.

काल तिसऱ्यांदा बागेत गेले. तळमजल्यावरच्या बाई खिडकीतच होत्या. मी पायरीच्या डाव्या भागावर बसले. दगड उन्हाने तापलेला होता. बाईंनी तिथूनच आवाज दिला, "कारण सांगितलंत का तिला?"

मी म्हटले, "अशीच बसलेय."

"हे कारण इथे चालत नाही," त्या म्हणाल्या. थोड्या वेळाने चहाचा पेला खिडकीच्या कठड्यावर ठेवून म्हणाल्या, "बसा पण."

तासभर बसले. जवळून पाहिल्यावर पुतळ्यातली एक गोष्ट लक्षात आली, जी उभे राहून दिसत नाही. तिचा पलीकडचा खांदा चौकटीला टेकला आहे, इतका की साडीची चुणी दाबली गेली आहे. स्वतःच्या बाजूला जागा उरत नाही इतकी ती सरकली आहे.

संमतीपत्र सोबत जोडले आहे, सातही पुतळ्यांसाठी. एक अट आहे. दारवालीच्या पाटीवर पुस्तकातला मजकूर लावू नये. वहीतला लावावा, रेघेखालचा भाग धरून. ओळ पूर्ण भरली पाहिजे. पानाची प्रत पाठवते आहे.

शेवटी, नियमाप्रमाणे, निवेदन:

मी, खाली सही करणारी, असे कबूल करते की ४ जानेवारीच्या पत्रात माझ्याकडून एक चूक झाली. कान, अंगठा व चष्मा जुळतात, एवढ्यावरून दारवाली म्हणजे मीच असा निष्कर्ष मी काढला. लक्षणे सारखी म्हणून व्यक्ती तीच, हा हेत्वाभास मी पहिल्या वर्षाच्या मुलांनाही कधी करू दिला नाही. पायरीवरची बाई बाहेर आली होती. मी आत राहिले. तो पुतळा माझा नाही.

सही,
ताई